समुद्राच्या गावी जाताना

दरवर्षी सोयाबीनची रास घरात आली आणि तूर अद्याप शेतात उभी असली, की औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या बाजूच्या आपल्या कुटुंबांत एका बेताची बोलणी सुरू होतात : यंदा गोव्यास जाऊन यावे. कोणास नवस फेडावयाचा असतो, कोणास संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाची नोव्हेना करावयाची असते, तर कोणास लेकरांना आयुष्यात एकदा समुद्र दाखवावा एवढीच हौस असते. मग मिस्सा संपल्यावर देवळाच्या पायरीशी आम्हांस विचारणा होते : "फादर, कधी जावे? कोठे उतरावे? काय पाहावे?" विद्यार्थिदशेतील काही वर्षे आम्ही त्या किनाऱ्यावर काढली आणि पुढेही आपल्या लोकांच्या तुकड्या घेऊन तिकडे अनेकदा गेलो, म्हणून हे प्रश्न आमच्याकडे येतात. प्रत्येकास निरनिराळे सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे, म्हणजे ते घरोघरी वाचले जाईल, असे मनात आले.

सगळ्या सूचनांचे सार आधीच सांगून टाकतो. त्या गावी पाहुणा म्हणून जावे. समंजस पाहुणा उंबऱ्याशी थांबतो, घरच्या माणसास विचारतो आणि मगच आत पाऊल टाकतो. शहरात ही रीत पाळली नाही तर फार तर चार पैसे अधिक जातील किंवा कोणी दोन शब्द सुनावील. समुद्राशी ही रीत पाळली नाही तर जीव जातो. म्हणून हा लेख वाचणाऱ्यांनी बाकीचे विसरले तरी समुद्राविषयीचा भाग विसरू नये.

जुना संबंध

गोवे आपणांस फार दूरचे वाटते. परंतु इतिहास निराळे सांगतो. बहामनी राज्याची राजधानी आधी कलबुर्गी आणि नंतर बिदर ही होती. बिदरच्या दरबारातील वजीर महमूद गवान याने १४७२ साली विजयनगरच्या हातून गोवे जिंकून घेतले. ज्याच्या मदरशाच्या भिंतीवरील रंगीत फरशांचे तुकडे आपण बिदरच्या जुन्या शहरात आजही पाहतो, तोच हा पुरुष. पुढे बहामनी राज्य फुटले, गोवे विजापूरच्या आदिलशहाकडे गेले आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरिनच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगीज सेनापती आफोन्सो द आल्बुकेर्क याने ते घेतले. पोर्तुगीज सत्ता तेथे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत टिकली. पणजीस मांडवीच्या काठी जुन्या सचिवालयाची जी इमारत उभी आहे, तिचे मूळ आदिलशहाच्या वाड्यात आहे. तेव्हा आपल्या माणसांनी तेथे बुजून जाण्याचे कारण नाही.

दगडही ओळखीचाच आहे. बिदरच्या किल्ल्याचा खंदक ज्या तांबड्या, सच्छिद्र जांभ्या दगडात खोदला आहे, त्याच जातीच्या दगडात जुन्या गोव्याची देवळे बांधलेली आहेत. परंतु पाणी मात्र ओळखीचे नाही. आपली मांजरा गोदावरीस मिळते, भीमा कृष्णेस मिळते, आणि दोघींचेही पाणी शेवटी पूर्वेच्या समुद्रास जाते. पणजीची मांडवी खानापूर तालुक्याच्या रानात म्हादई या नावाने उगम पावते आणि पश्चिमेस उतरते. आपल्या नद्यांची आणि त्या समुद्राची कधी भेटच होत नाही. विहीर, तळे आणि नदी यांवरून आपण पाण्याविषयी जे शिकलो, ते तेथे का पुरे पडत नाही, हे पुढे सांगणार आहोत.

केव्हा जावे आणि कसे जावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जून ते सप्टेंबर या महिन्यांत जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कलबुर्गीस वर्षभरात साधारण ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. गोव्याच्या किनाऱ्यावर तो सुमारे ३००० मिलिमीटर पडतो, आणि त्यातील बहुतेक या चार महिन्यांतच. त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो व त्यात उतरण्यास मनाई असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीसही बंदी असते. पिढ्यान् पिढ्या समुद्रावर जगणारी माणसे ज्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, त्या दिवसांत आपण पाण्यात पाय घालावा, यात शहाणपण कोणते?

नाताळाच्या चार दिवस आधीपासून नववर्षाच्या दुसऱ्या दिवसापर्यंतचा काळही टाळावा. खोल्यांचे दर तेव्हा कित्येक पटींनी चढतात आणि रस्त्यांवर वाहनांची रांग हलत नाही. शिवाय नाताळ आपल्या गावी, आपल्या देवळात, आपल्या वृद्धांच्या संगतीतच शोभतो. ३ डिसेंबरचा सण पाहावयाचा असेल तर गर्दीची तयारी ठेवून जावे. शांतपणे दर्शन हवे असेल तर नोव्हेंबरचा मध्य, डिसेंबरचा दुसरा आठवडा, किंवा तूर निघाल्यावर जानेवारीची अखेर हे दिवस निवडावेत.

बिदरहून पणजी रस्त्याने सहाशे किलोमीटरच्या आसपास पडते. कलबुर्गी, विजापूर, बेळगाव आणि तेथून चोर्ला घाटाने पणजी, हा सरळ मार्ग. घाट वळणावळणाचा आहे. आपण सपाट मुलखातील माणसे. लेकरांना आणि बायांना हमखास उलट्या होतात. घाटापूर्वी पोटभर जेवू नये, लिंबू जवळ ठेवावे, आणि शक्य तर हा घाट दिवसा उतरावा. रात्रभर गाडी हाकलेल्या चालकास पहाटे घाटात घालणे हा अपघातास दिलेला निमंत्रणाचा नारळ होय. गाडी भाड्याने ठरविताना दोन चालकांची अट घालावी, चार पैसे अधिक पडले तरी.

आगगाडीने जाणाऱ्यांस बिदर-कलबुर्गी लोहमार्ग २०१७ पासून खुला आहे. कलबुर्गीहून होटगी, तेथून विजापूर, बागलकोट, गदगवरून हुबळी आणि लोंढ्यावरून मडगाव असा हा वळसा आहे. गाड्या बदलाव्या लागतात. वेळापत्रक स्थानकावर विचारूनच निघावे. परंतु कॅसलरॉक ते कुळे या घाटातून गाडी उतरते, तेव्हा दूधसागरचा धबधबा रुळांच्या अगदी शेजारी दिसतो. तेवढ्यासाठी खिडकी मिळाली तर ती लेकरांस द्यावी. मात्र दारात लोंबकळू देऊ नये.

पणजी शहर

पणजी हे लहान शहर आहे आणि पायी पाहण्यासारखे आहे. कदंब बसस्थानकावर उतरल्यावर सामान मुक्कामी ठेवावे आणि मांडवीच्या काठाने चालत सुटावे. जुन्या सचिवालयापाशी एका धर्मगुरूचा पुतळा आहे. एका स्त्रीवर हात पसरून तो उभा आहे. हा आबे फारिया, कांदोळीस १७५६ साली जन्मलेला गोमंतकीय. संमोहनविद्येच्या आद्य अभ्यासकांत त्याची गणना होते. लेकरे पुतळ्यास भितात, म्हणून त्यांस ही हकीकत आधी सांगून ठेवावी.

तेथून जवळच अमलोद्भव मातेचे शुभ्र देऊळ आहे. नागमोडी पायऱ्यांच्या रांगा चढून वर जावे लागते. १५४१ साली तेथे लहान प्रार्थनामंदिर होते. १६१९ साली त्याचे मोठे देऊळ झाले. ८ डिसेंबर हा त्याचा सण. पायऱ्यांवर छायाचित्रे काढणाऱ्यांची झुंबड असते. परंतु आत मिस्सा चालू असेल तर फोन खिशातच असावा, हे आपल्या लोकांस सांगण्याची गरज पडू नये.

देवळामागच्या बाजूस फोंतेन्यास ही जुनी वस्ती आहे. पिवळी, निळी, तांबडी घरे, अरुंद गल्ल्या, कौलारू छपरे. ही घरे प्रेक्षणीय असली तरी ती प्रदर्शनात मांडलेली नाहीत; त्यांत माणसे राहतात, दुपारी झोपतात, आजारी पडतात. कोणाच्या ओट्यावर बसून, कोणाच्या खिडकीत डोकावून छायाचित्रे काढू नयेत. आपल्या अंगणात अनोळखी चाळीस माणसे येऊन उभी राहिली तर आपणांस कसे वाटेल, एवढाच विचार करावा.

मांडवी ओलांडून बेतीच्या काठास जाणारी फेरीबोट आहे. तिच्यात पायी जाणाऱ्यास भाडे पडत नाही. ज्या लेकरांनी कधी बोट पाहिली नाही त्यांच्यासाठी याहून स्वस्त आणि याहून मोठा आनंद पणजीत दुसरा नाही. संध्याकाळी गाणी व नाच दाखविणाऱ्या सहलीच्या बोटीही सुटतात; त्यांचे तिकीट धक्क्यावरील खिडकीवरच घ्यावे, रस्त्यात अडविणाऱ्या माणसाकडून नव्हे.

त्याच नदीत दिव्यांनी लखलखणारी मोठी जहाजे नांगर टाकून उभी असतात. ती सहलीची नव्हेत, जुगाराची आहेत. ज्या गोव्याने ती ठेवून घेतली आहेत, त्या गोव्याच्या स्वतःच्या रहिवाशांना २०२० पासून तेथे खेळावयास जाण्यास मनाई आहे. याहून अधिक टीका आम्ही करीत नाही. सोयाबीनच्या पट्टीचे पैसे खिशात घेऊन निघालेल्या आपल्या तरुणांनी एवढे ध्यानात घ्यावे, की घरच्यांस जे नको ते पाहुण्यापुढे वाढले जात आहे.

समुद्र

आता मुख्य विषयाकडे वळतो.

आमच्याबरोबर एकदा औरादकडील एक वृद्ध आजी आल्या होत्या. त्यांनी ओंजळीत समुद्राचे पाणी घेतले, जिभेवर ठेवले आणि गंभीरपणे म्हणाल्या, "एवढं पाणी, अन् एका घागरीच्या कामाचं न्हाई." सगळे हसले. परंतु त्या आजींनी समुद्राची परीक्षा अगदी बरोबर केली होती. हे पाणी आपल्या ओळखीचे नव्हे, हे त्यांनी पाऊल टाकण्याआधी जाणून घेतले.

पहिली गोष्ट भरती-ओहोटीची. समुद्र दिवसातून दोनदा चढतो व दोनदा उतरतो. पूर्ण ओहोटीपासून पूर्ण भरतीपर्यंत सहा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि ही वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून काल संध्याकाळी जी वाळू कोरडी होती ती आज त्याच वेळी कोरडी असेल असे धरून चालू नये. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास भरती मोठी येते. किनाऱ्यावरचे लोक तिला उधाण म्हणतात. ओहोटीच्या वेळी खडकांवर चालत पुढे जावे आणि मागे वळून पाहावे तो वाट पाण्याखाली गेलेली, असे घडते. दोना पावला येथील खडक, किंवा कोठलेही खडक, ओल्या शेवाळाने निसरडे असतात. छायाचित्रासाठी तेथे पाठ समुद्राकडे करून उभे राहणे हा वेडेपणा होय. समुद्राकडे पाठ कधीच करू नये.

दुसरी गोष्ट परतणाऱ्या पाण्याची. लाटा किनाऱ्याकडे पाणी लोटतात, ते आपण पाहतो. ते पाणी परत कोठून जाते, ते आपण पाहत नाही. ते एखाद्या अरुंद वाटेने, ओढ्यासारखे, वेगाने आत ओढले जाते. या जागी लाटा फुटत नाहीत, म्हणून अनभिज्ञ माणसास तेच पाणी शांत वाटते आणि तो लेकरांना घेऊन नेमका तेथेच उतरतो. किनाऱ्याशी एका पट्ट्यात लाट फुटत नसेल, पाणी गढूळ दिसत असेल, फेस आत जाताना दिसत असेल, तर ती जागा सोडावी.

या ओढीत सापडल्यास काय करावे? किनाऱ्याकडे तोंड करून तिच्याशी झुंजू नये. उत्तम पोहणाराही तेथे थकतो, आणि माणूस बुडतो तो बहुधा थकून. अंग सैल सोडून पाठीवर तरंगावे, हात वर करून मदत मागावी. ओढ पाताळात नेत नाही, ती आत नेते आणि काही अंतरावर ओसरते. बळ असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवे पोहावे, आणि ओढीबाहेर पडल्यावर लाटांबरोबर तिरके परत यावे.

येथे आमच्या तरुणांस एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. आपल्या गावी विहिरीत मुटका मारणारी, तळे आरपार करणारी मुले आहेत, आणि त्यांस त्याचा सार्थ अभिमान आहे. परंतु समुद्रात अशाच मुलांस अधिक धोका असतो. कारण ज्यास पोहता येत नाही तो गुडघ्याइतक्या पाण्यात थांबतो, आणि ज्यास विहिरीत पोहता येते तो पुढे जातो. काही वर्षांपूर्वी आमच्याच तुकडीतील एक तरुण, आमच्या भागातील विहिरींचा राजा म्हणावा असा, दक्षिण गोव्याच्या एका किनाऱ्यावर सवंगड्यांनी अडविले असता पुढे गेला. चार-पाच मिनिटांत त्याचे डोके नारळाएवढे दिसू लागले. किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाने फळी घेऊन जाऊन त्यास परत आणले. वाळूवर बसून कितीतरी वेळ तो बोलेना. शेवटी म्हणाला, "विहिरीला काठ असतो, फादर." त्यात सारे आले. विहिरीत कोठल्याही दिशेने चार हात मारले की काठ हाती लागतो. समुद्रात एकाच दिशेस काठ आहे, आणि पाणी विरुद्ध दिशेस ओढते.

२००८ पासून गोव्याच्या मुख्य किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक नेमलेले आहेत. लाल-पिवळे निशाण लावलेल्या दोन काठ्यांच्या मधली जागा स्नानासाठी ठरविलेली असते. तेथे त्यांची नजर असते. केवळ लाल निशाण म्हणजे पाण्यात पाऊल नको. हे नियम शिपायाच्या काठीसारखे समजू नयेत. ती घरच्या माणसाने पाहुण्यास दाखविलेली वाट आहे. उतरण्यापूर्वी जीवरक्षकास जाऊन विचारावे : "आज कोठे उतरावे?" असे विचारणाऱ्यास तो कधी झिडकारीत नाही. सूर्यास्तानंतर मात्र पाण्यात मुळीच उतरू नये.

आणखी काही गोष्टी थोडक्यात सांगतो. आपल्या माता-भगिनी साडी नेसूनच पाण्यात उतरतात. नऊवारी किंवा सहावारी लुगडे भिजले म्हणजे त्याचे ओझे होते आणि ते पायांत गुंडाळते. त्यांनी घोट्याच्या वर पाणी येऊ देऊ नये. लेकरांचा हात एका ठरलेल्या मोठ्या माणसाने धरावा. "सगळ्यांचे लक्ष आहे" असे म्हणतात तेव्हा बहुधा कोणाचेच नसते. मद्य घेतलेल्या माणसास पाण्याजवळही जाऊ देऊ नये, मग तो नात्याने कितीही मोठा असो.

कोणी बुडताना दिसल्यास मागोमाग उडी टाकू नये. एकास वाचवावयास गेलेले दोघे-तिघे गेल्याची उदाहरणे आपल्या तळ्यांतही आहेत. जीवरक्षकास हाक मारावी. जवळ असेल ती तरंगणारी वस्तू, झाकण लावलेला रिकामा कॅन, हवा भरलेली ट्यूब, दोर, फेकावी. ११२ क्रमांकास फोन करावा. बाहेर काढलेल्या माणसास उलटे टांगून पोटातील पाणी काढण्याच्या नादी लागू नये. त्यात श्वासाची मोलाची मिनिटे जातात.

इतके सांगितल्यावर कोणी म्हणेल, फादरांनी समुद्राची भीतीच घातली. तसे नाही. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर संध्याकाळी जावे. तेथे मांडवी समुद्रास मिळते, म्हणून पाण्याचे प्रवाह फसवे आहेत. ती पोहण्याची नव्हे, बसण्याची जागा आहे. जवळच गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांची समाधी आहे. वाळूवर सहकुटुंब बसावे. आपल्याकडे सूर्य तुरीच्या शेतामागे मावळतो. येथे तो पाण्यात उतरताना दिसतो. सूर्य, लाटांचा आवाज आणि लेकरांचे थक्क झालेले चेहरे हेच तेथले खरे धन आहे, आणि त्यासाठी घोट्यापलीकडे भिजण्याची गरज नाही.

जुने गोवे

पणजीहून रायबंदरवरून मांडवीच्या काठाकाठाने सुमारे दहा किलोमीटरवर जुने गोवे आहे. बस सतत मिळतात. सकाळी लवकर जावे. ऊन चढण्यापूर्वी दर्शन होते.

बॉम जेजू महामंदिराचे बांधकाम १५९४ साली सुरू झाले आणि १६०५ साली त्याचे पवित्रीकरण झाले. संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर त्यांनी देह ठेवला. त्यांचे पवित्र अवशेष येथे चांदीच्या पेटीत आहेत. खालचा संगमरवरी चौथरा इटलीतील तस्कनीच्या अधिपतीने दिलेला आहे. गोव्याची माणसे त्यांस प्रेमाने 'गोंयचो सायब' म्हणतात.

पुष्कळ लोक निराश होतात, ते एका गैरसमजामुळे. पेटी उंचावर आहे. अवशेष जवळून पाहावयास मिळत नाहीत. ते खाली आणून दर्शनास ठेवण्याचा सोहळा दहा वर्षांनी एकदा होतो. मागील सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा झाला. तेव्हा या परिपाठाने पुढील २०३४ च्या अखेरीस यावयाचा. एरव्ही जाणाऱ्यांनी पेटीखाली गुडघे टेकून प्रार्थना करावी आणि समाधान मानावे. संतांची मध्यस्थी आपल्या नजरेच्या अंतरावर अवलंबून नाही.

या मंदिराची बाहेरील भिंत उघड्या जांभ्याची आहे. तिच्यावर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. तो १९५० नंतरच्या दशकात काढला गेला, आणि तेव्हापासून पाऊस त्या दगडास झिजवीत आहे. त्या भिंतीस नखाने खरवडू नये, तिच्यावर नावे लिहू नयेत. समोरच सांता कॅथरिनाचे से कॅथीड्रल आहे. त्याचे दोन मनोरे होते. एक १७७६ साली कोसळला, म्हणून ते एका बाजूने रिकामे दिसते. उरलेल्या मनोऱ्यात 'सोन्याची घंटा' म्हणून प्रसिद्ध असलेली मोठी घंटा आहे. ही सर्व देवळे १९८६ पासून जागतिक वारशात गणली जातात. परंतु त्यांत रोज मिस्सा होते, हे विसरू नये. खांदे व गुडघे झाकतील असे कपडे असावेत.

आपण मराठी बोलणाऱ्यांनी आणखी एक स्मरण ठेवावे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले, आपली भाषा शिकले आणि त्यांनी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले. १६१६ साली ते सासष्टीतील राशोल येथे छापले गेले. दूर देशाचा मनुष्य पाहुणा म्हणून आला, आणि घरच्यांची भाषा त्याने इतकी आपली केली. चांगल्या पाहुण्याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

खाणे, बोलणे आणि खर्च

गोव्यात भाकरी सहजी मिळत नाही. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवसांपुरती बरोबर बांधून घ्यावी. पण एकदा तरी तेथले शीत-कडी, म्हणजे भात आणि नारळाच्या रसातले मासे, साध्या खानावळीत बसून खावेत. तांदूळ उकडा आणि जाड असतो. माशाचे काटे लेकरांस काढून द्यावेत. कोळंबी किंवा तिसऱ्या पूर्वी कधी खाल्ल्या नसतील तर प्रथम थोड्याच खाव्यात. काहींच्या अंगावर त्याने पित्त उठते. वर सोलकढी प्यावी. आपल्याकडचे ऊन कोरडे, तेथले दमट. घाम वाळत नाही आणि अंगातील पाणी केव्हा गेले ते कळत नाही. म्हणून तहान नसली तरी पाणी प्यावे.

किनाऱ्यावर चूल मांडून स्वयंपाक करण्याची आपल्या लोकांस सवय आहे. तेथे ती चालत नाही. उघड्यावर स्वयंपाक करणे व किनाऱ्यावर मद्य पिणे यांस २०१९ पासून जबर दंड आहे. मद्य परराज्यात आणण्यासही परवाना लागतो. सीमेवरील नाक्यावर गाडी तपासली जाते आणि एका बाटलीपायी सगळ्या तुकडीस ताटकळावे लागते.

भाषेची अडचण नाही. कोकणी ही मराठीची शेजारीण. मराठी बहुतेकांस समजते. कोणी मदत केली तर "देव बरें करूं" म्हणावे. देव तुमचे भले करो, असा त्याचा अर्थ. तेथे आभार मानण्याची हीच रीत आहे, आणि पाहुण्याच्या तोंडून ते शब्द ऐकून माणसे प्रसन्न होतात.

मुक्कामाची सोय निघण्यापूर्वी करावी. एखाद्या धर्मग्रामाच्या किंवा मठाच्या सभागृहात उतरावयाचे असेल तर महिनाभर आधी पत्र घालावे व उत्तर आल्यावरच निघावे. चाळीस माणसांनी रात्री दहा वाजता दार ठोठावणे ही श्रद्धा नव्हे. गाडीचे व खोलीचे भाडे आधी ठरवून लिहून घ्यावे. पैसे एकाच खिशात ठेवू नयेत. लहान मुलांच्या खिशात नाव, गाव आणि वडिलांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

शेवटी एक विनंती. निघण्यापूर्वी तुकडीतील सर्वांची नावे एका कागदावर लिहून ती घरी एकाजवळ द्यावीत, आणि दुसरी प्रत तुकडीच्या प्रमुखाजवळ असावी. गाडीत बसताना, किनाऱ्यावरून उठताना, देवळातून निघताना त्या कागदावरून प्रत्येक नाव मोठ्याने वाचावे. हे काम शाळेच्या हजेरीसारखे वाटेल, पोरे हसतील, हसू द्यावीत. किनाऱ्यावरून गावी परतलेली एखादी गाडी एका माणसाविना येते, तेव्हा त्या घरात काय होते ते धर्मगुरूस जवळून पाहावे लागते.

जा, डोळे भरून पाहा, प्रार्थना करा, लेकरांस समुद्राची गाज ऐकवा; आणि जितके गेलात तितके परत या.